वीतभर वर

रविवार, ८ फेब्रुवारी

भिंग्या,

गुरुवारी सकाळी मी काय केलं ते तुला सांगतो. पहाटेच्या गाडीनं तुझ्या शहरात उतरलो. तुझ्या घराकडे वळलो नाही, तुझ्या दवाखान्याकडे तर नाहीच. पूल ओलांडून सरळ मोठ्या रुग्णालयात गेलो. मावशी तिसऱ्या मजल्यावर झोपली होती. खुब्याच्या शस्त्रक्रियेला दोनच दिवस झालेले, म्हणून उठवलं नाही. पायथ्याशी उभा राहून हात जोडले आणि हाडांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. म्हटलं, या बाईंचे दोन्ही एक्स-रे मला शेजारी शेजारी बघायचे आहेत.

"तुम्ही कोण यांचे?"

"भाचा. आणि पहिला एक्स-रे ज्या यंत्रावर काढला, ते यंत्र दरवर्षी तपासून पास करणारा तपासनीस."

बाईंनी दोन्ही चित्रं पडद्यावर लावली. "मग तुम्हीच सांगा," म्हणाल्या, "या पहिल्यात मला काय दिसायला हवं होतं?"

दुसऱ्या चित्रात माझ्यासारख्या बिनडॉक्टरालाही कळत होतं. हाड मानेशी, म्हणजे वरच्या गोळ्याखाली, मोडून खाली सरकलेलं. पहिलं चित्र तुझ्या एक्स-रे विभागातलं, ती न्हाणीघरात घसरली त्या दिवशीचं. भिंग्या, हाडाच्या आत बारीक जाळी असते, हे मी तुला शिकवायला नको. तुझ्या चित्रात ती जाळी ओल्या फडक्यानं फळा पुसावा तशी पुसली होती. आणि हाडाच्या कडेला मात्र पांढरीशुभ्र किनार, पोरानं चित्राभोवती दुसऱ्यांदा पेन्सिल फिरवावी तशी. ही किनार देवानं हाडाला दिलेली नाही. तुझ्या संगणकात चित्राची धार वाढवायची सोय आहे, तिची ती किनार आहे. चित्र भुरकट आलं की धार वाढवायची. मग डॉक्टरांना वाटतं, वा, काय स्वच्छ. भेग असेल तर तीही त्या झगमगाटात बुडते.

तुझ्या डॉक्टरांनी ते चित्र पाहून सांगितलं, मोड नाही, मुका मार आहे, चालत राहा. तिनं ऐकलं. अकरा दिवस ती त्या पायावर चालली. पाणी भरलं, तुझा डबा भरला. बाराव्या दिवशी भेगेचा मोड झाला. माझी आई गेल्यावर जिनं मला तुझ्याच ताटात जेवायला बसवलं, तिच्या बाबतीत हे तुझ्या हातून झालं.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा राग निम्मा होतो. मला तो निम्मा करायचा नाही.

नोव्हेंबरात मीच तुझं यंत्र तपासलं होतं. चोख होतं. म्हणजे चूक यंत्राची नाही, ते वापरणाऱ्याची आहे. काय केलंस ते लिही.

दादा

* * *

शनिवार, १४ फेब्रुवारी

ती. दादा,

पत्र मिळालं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा पाकीट गरम लागत होतं.

आधी आईचं सांगतो, कारण तू विचारलं नाहीस. वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत जाते. सिस्टर लोकांना शिस्त लावायला सुरुवात केली आहे, म्हणजे बरी आहे. तू येऊन गेलास हे तिला सिस्टरनं सांगितलं. "पायथ्याशी कोण उंच माणूस हात जोडून उभा होता, मला वाटलं आजी गेल्या की काय," असं म्हणाली ती. आई दिवसभर हसत होती. मग विचारलं, न भेटता का गेला? मी सांगितलं, गाडीची वेळ झाली असेल. तुझ्यासाठी खोटं बोललो, तेवढं लक्षात ठेव.

आता तुझा आरोप. धार मी लावतो. सगळेच लावतात. भाजीत मीठ घालतात तशी. कुणी कमी, कुणी जास्त. त्या दिवशी चित्र काढलं ते माझ्या हाताखालच्या मुलीनं. मी आईची पिशवी धरून बाहेर उभा होतो. तिनं काही चूक केलेली नाही, तिच्यावर घसरू नकोस. माझ्यावर घसर.

यंत्राबद्दल मी काय बोलू. तुझं प्रमाणपत्र माझ्या टेबलामागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत आहे. व्यवस्थापकांनी मुद्दाम चौकट करून लावायला लावलं. रोज सकाळी मी तुझ्या सहीकडे पाहून खुर्चीत बसतो. देवाला नमस्कार करायचा राहतो एखादे दिवशी, तुला होतोच.

शाळेत डोळे तपासायला माणूस यायचा, आठवतं? तक्त्यावरची अक्षरं तू मला आदल्या दिवशी पाठ करून दिली होतीस, वरून मागे उभा राहून कुजबुजतही होतास. मी पास झालो. तू तेव्हापासूनच पास करणारा.

रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण जेवून रागाव. वहिनींना सांग, याचं ताट आधी वाढा आणि कागद मागून द्या.

तुझा
भिंग्या

* * *

गुरुवार, १९ फेब्रुवारी

भिंग्या,

विनोद कर. तुझी आई अकरा दिवस मोडक्या खुब्यावर चालली आणि तुला मीठ सुचतंय. जेवणातलं मीठ जास्त झालं तर खाणाऱ्याला कळतं. इथे ताटावर बसलेल्याला कळतच नाही की भाजीच नासलेली होती आणि वास मारायला मीठ ओतलंय.

आणि माझी सही चौकटीतून मला दाखवू नकोस. सतरा वर्षं मी हे काम करतो. पहिलं चित्र घेण्याआधी डोळे मिटून हात जोडतो, त्यावरून तुझ्या विभागातली पोरं हसतात ते मला माहीत आहे. पण त्यानंतर मी जे मोजतो ते मोजतोच. टेबलाखालचा खण ओढला, आत डिटेक्टर, म्हणजे जिच्यावर चित्र उमटतं ती पाटी. तिच्यावर माझी शिशाच्या रेघांची पट्टी सपाट ठेवली, जरा तिरकी, नियमात आहे तशी. एका मिलिमीटरात रेघांच्या किती जोड्या सुट्या दिसतात ते पाहिलं. तीन पूर्णांक चार. संगणकातली धार बंद करून पाहिलं, कच्च्या चित्रावर. मी कुणाच्या कुजबुजीवर वाचत नाही. त्या तक्त्याच्या गोष्टीचा इथे काही संबंध नाही आणि तू ती काढावीस याची मला लाज वाटली.

तेव्हा सरळ आहे. नोव्हेंबरात यंत्र तीन-चारला स्वच्छ होतं. जानेवारीत मावशीचं चित्र भुरकट. दोन महिन्यांत तुझ्या विभागानं काहीतरी बिघडवलं आणि धार लावून झाकलं. मला हवंय ते हे: त्या दिवसाचं कच्चं चित्र, धार किती ठेवली होती त्याची नोंद, आणि कोणी ठेवायला सांगितली त्याचं उत्तर. पंधरा दिवसांत आलं नाही तर तू विभागप्रमुख, म्हणून तुझ्याविरुद्ध मी लेखी तक्रार करीन. भाऊ म्हणून थांबणार नाही. कुठल्या तोंडानं थांबू? तुझ्या टेबलावर रोज माणसं झोपतात, ती माझ्या मावश्या नसतील, कुणाच्या तरी आहेत.

दादा

* * *

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

अक्षर इथल्या सिस्टरचं, शब्द माझे. ती म्हणते, आजी, हळू सांगा. मी म्हणते, बाई, तू भरभर लिही, मला परत झोपवायच्या आत.

धाकट्यानं तुझी दोन्ही पत्रं मला वाचून दाखवली. गाळून गाळून वाचत होता, ते मला कळत होतं. मग तो चहाला गेला तेव्हा मी सिस्टरकडून पुन्हा वाचून घेतली. तुम्ही दोघं खुशाल भांडा. मी मध्ये आडवी पडले आहे, तेवढी मला ओलांडून भांडा.

तू त्याच्यावर तक्रार करणार म्हणतोस. कर. पण आधी एक ऐक, जे तो तुला सांगणार नाही. त्यानं मला शपथ घातली होती. ती मी मोडते आहे. माझं हाड मोडलं, तिथे शपथेचं काय एवढं.

त्या यंत्राची नळी जुनी झाली, चित्रं भुरकट येतात, नवीन नळी द्या, असा अर्ज त्यानं गेल्या उन्हाळ्यात केला. मग दिवाळं निघाल्यासारखं तोंड करून घरी आला. मग आणखी एकदा केला. आणि तू नोव्हेंबरात तपासून गेलास, त्यानंतर आठवड्यानं तिसरा. तीनही वेळा व्यवस्थापकानं काय दिलं माहीत आहे? तुझ्या प्रमाणपत्राची प्रत. खाली लाल शाईनं रेघ मारलेली, "यंत्र उत्तम आहे." जेवताना त्यानं मला दाखवलं. मी म्हटलं, अरे, मग दादाला सांग की. तर म्हणाला, "आई, दादाच्या सहीवर मी बोट ठेवू? तो पाच मिनिटं हात जोडून मग सही करतो."

धार त्यानं लावली ती तेव्हापासून. डॉक्टर ओरडायचे, चित्र दिसत नाही म्हणून. ते त्याचं चुकलं, त्याला मी बोलले आहे, तू आणखी बोल.

तो शाळेतला तक्ता तुला आठवतो ना. तो पास झाला आणि चौथ्या दिवशी सायकलसकट ओढ्यात गेला. मी घरी आल्यावर थोबाडीत कुणाला मारली? तुला. तू रडत म्हणालास, मावशी, पडला तो, मला का? काय सांगितलं होतं मी? त्याला दिसत नव्हतं रे. तुला दिसत होतं.

सिस्टर म्हणते कागद संपला. मला ठाऊक आहे तिचा हात दुखतोय.

मावशी

* * *

सोमवार, ९ मार्च

भिंग्या,

मावशीचं पत्र आलं.  देवापुढे बसलो तरी मन तिथे नव्हतं. तीन-चार, तीन-चार, एवढंच डोक्यात. आकडा खोटा नव्हता. मी पाहिला होता. मग तू खोटा अर्ज का करशील? आणि तू खरा असशील तर माझा आकडा काय मोजत होता?

शुक्रवारी सकाळी मी तुझ्या विभागात आलो. तू मावशीला घरी न्यायला गेला होतास, हे ठरवून केलं. मला तू समोर नको होतास. तुझ्या हाताखालची मुलगी घाबरली. "सर, तपासणी तर झाली ना?" मी म्हटलं, "झाली. आता तपासतो." तिला ते कळलं नाही, मलाही पुरतं कळलं नव्हतं.

खण ओढला, पट्टी डिटेक्टरवर सपाट ठेवली. तीन-चार. नोव्हेंबरसारखंच, लख्ख. पट्टी उचलून घेतली. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ कमरेच्या चित्रासाठी आले. मुलीनं त्यांना टेबलावर झोपवलं, आणि मी इतकी वर्षं जे रोज पाहत आलो ते पहिल्यांदा पाहिलं. डिटेक्टर खाली खणात. वर मध्ये पोकळी, मग टेबलाची फळी, मग गादी, मग माणसाचं मांस. खुब्याचं हाड डिटेक्टरपासून चांगलं वीतभर वर होतं.

आपण कंदिलासमोर हातांची सावली पाडायचो. तू हरीण करायचास. हात भिंतीला चिकटवला की हरणाचे कान टोकदार. हात भिंतीपासून लांब नेला की कान विरघळायचे. आणि वात मोठी केली की आणखी विरघळायचे. नळीत किरण ज्या ठिपक्यातून निघतात तो ठिपका म्हणजे आपली वात. नळी म्हातारी झाली, ठिपका पसरला, वात मोठी झाली. पण मी माझी पट्टी सतरा वर्षं भिंतीलाच चिकटवून ठेवत आलोय. तिथे वात केवढीही असू दे, सावली स्वच्छच पडणार. माणूस मात्र भिंतीला चिकटून झोपत नाही.

म्हातारे गृहस्थ गेल्यावर मी तुझे फोमचे ठोकळे घेतले, वीतभर रचले, त्यांवर पट्टी ठेवली. त्या दिवशी हात जोडले नाहीत. कशासाठी जोडू?

एक पूर्णांक सहापर्यंत रेघा सुट्या दिसल्या. एक-आठला सगळ्या मिळून राखाडी डाग. आणि पुढे, पट्टीवरच्या आणखी बारीक रेघांच्या दोन-पाचच्या गटात, रेघा पुन्हा दिसायला लागल्या. मुलगी खूश झाली. "सर, दिसतायत की." मी म्हटलं, "मोज." तिनं मोजल्या. चार. त्या गटात शिशाच्या रेघा पाच आहेत. जिथे काळं हवं तिथे पांढरं, जिथे पांढरं हवं तिथे काळं. यंत्र नसलेल्या रेघा दाखवत होतं, असलेल्या गिळत होतं. आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत माझी सही.

तिथून थेट कचेरीत गेलो. आमच्या साहेबांपुढे दोन्ही चित्रं ठेवली.

"हा आकडा कुठल्या रकान्यातला?" साहेब.

"याला रकाना नाही, साहेब."

"मग लिहिणार कुठे?"

"शेऱ्यात लिहितो."

"शेऱ्यात लोक 'सहकार्याबद्दल आभार' लिहितात. अहो, ठिपका नळी बसवताना मोजायचा, असा नियम आहे."

"म्हणजे नळी तरुण असताना मोजायची. म्हातारी झाली की नाही."

"नियमात तुमची चूक नाही. कुणी तुम्हाला बोट लावू शकत नाही. मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा? घरचं माणूस आहे, तुम्ही भावनेत आहात. चार दिवस रजा घ्या."

भिंग्या, कुणी शिवी दिली असती तर सोसली असती. हा माणूस मला सांगत होता की माझी चूक नाही, आणि ते ऐकून माझं अंग पेटलं. मावशी अकरा दिवस चालली, त्यात कुणाचीच चूक नाही. रकाना भरलेला आहे. तुझ्या तीन अर्जांना माझ्या भरलेल्या रकान्यानं उत्तर दिलं.

तुझ्यावरही राग आहेच. तू मला का सांगितलं नाहीस? माझी सही एवढी सोवळी होती? तुझ्या त्या भिडेनं मला वर्षभर मूर्ख ठेवलं, आणि धार लावून तू डॉक्टरांनाही ठेवलंस. पण तक्रार आता तुझ्यावर करणार नाही. कुणावर करायची ते मला दिसतंय.

दादा

* * *

रविवार, १५ मार्च

ती. दादा,

आई घरी आली. मधल्या खोलीत तिची खाट टाकली आहे, म्हणजे घरातलं काहीही तिच्या नजरेतून सुटत नाही. आम्ही सगळे पाय न वाजवता चालतो.

तू जे केलंस ते त्या मुलीनं मला सांगितलं. रडत होती. म्हणाली, सर, मी रोज दिसतायत म्हणून पुढे जाते, मोजत कधी नाही. मी तिला म्हटलं, बाई, तुझ्यापेक्षा मोठे मोठे मोजत नव्हते. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. मी मलाही धरतो त्यात.

धारेचं कबूल करतो. गेल्या उन्हाळ्यापासून वाढवत गेलो. डॉक्टर ओरडले की एक घर पुढे. आईचं चित्र संगणकावर आलं तेव्हा मी आत येऊन पाहिलं होतं, हे तुला लिहिलं नव्हतं. मला शंका आली होती. म्हटलं, पुन्हा काढू का. मग वाटलं, पुन्हा काढून तसंच येणार, उगाच तिला उलटीपालटी कशाला करा. आणि डॉक्टर म्हणाले मुका मार. मला इतकं हलकं वाटलं दादा, की मी विचार करायचा थांबलो. त्या अकरा दिवसांत तिनं भरलेला डबा मी रोज खाल्ला.

आता तुला हात जोडून सांगतो ते ऐक. मी व्यवस्थापकांना तुझी चित्रं दाखवली. पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणतात, सहा महिन्यांत नवीन नळी बसवतो, लेखी देतो, पण बाहेर बोभाटा नको. तू यंत्र बंद केलंस तर पहिला प्रश्न येईल, धार कुणी लावली. उत्तर मी आहे. नोकरी जाईल. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? थोरलीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. आणि माझं सोड, इथे रोज पन्नास माणसं येतात. यंत्र बंद झालं तर सगळ्यांनी पूल ओलांडून जायचं, तिथल्या रांगेत चार-चार तास बसायचं. मोडक्या पायांनी. ते बरं का?

सहा महिने दे. मी धार काढून टाकली आहे. डॉक्टरांना तोंडी सांगितलं आहे की खुब्याच्या चित्रावर विसंबू नका. नव्वद टक्के चित्रं हाताची, बोटांची, छातीची असतात, ती चालतात.

आईला हे पत्र दाखवलेलं नाही. तू दाखवू नकोस.

भिंग्या

* * *

सोमवार, ३० मार्च

भिंग्या,

तुझं पत्र उशाशी घेऊन मी आठ दिवस झोपलो आणि आठ दिवस उठलो. सहा महिने द्यावेत, असं चारदा ठरवलं. दरवेळी हिशोब एकाच जागी अडायचा. तू म्हणतोस नव्वद टक्के चित्रं चालतात. मग उरलेली दहा टक्के माणसं ओळखायची कशी? ती कपाळावर लिहून येत नाहीत. मावशीही घसरून आलेली एक म्हातारी म्हणूनच आली होती. आणि तुझ्या तोंडी सूचनेला रकाना नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. रात्रपाळीचा नवा डॉक्टर भिंतीवरची चौकट वाचेल, तुझं तोंड वाचणार नाही.

शुक्रवारी सकाळी मी आलो तेव्हा तू वरच्या गॅलरीच्या खिडकीत उभा होतास. खाली आला नाहीस. मी वर पाहिलं नाही. तेव्हा खाली काय झालं ते लिहितो, म्हणजे दुसऱ्याकडून तिखटमीठ लावलेलं ऐकायला नको.

मुलीच्या देखत पट्टी पुन्हा वीतभर वर ठेवून चित्र काढलं. एक-सहा. रेघा तिच्याकडून मोजून घेतल्या आणि तिची सही घेतली, साक्षीदार म्हणून. मग तुझ्या टेबलामागच्या भिंतीवरून चौकट उतरवली, मागचे खिळे सरकवले, प्रमाणपत्र बाहेर काढलं आणि माझ्या सहीवर आडवी रेघ मारून खाली लिहिलं: "ही तपासणी अपुरी होती. प्रमाणपत्र मी मागे घेत आहे." चौकट रिकामीच परत टांगली. यंत्राला लाल पाटी लावली. मग हात जोडले. आधी नाही, नंतर.

व्यवस्थापक धावत आले. "तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?"

"पास करायचा अधिकार आहे ना मला? तोच उलटा वापरतोय."

"तुमच्या साहेबांना फोन करतो."

"करा. माझं पत्र त्यांच्या टेबलावर सकाळीच पोचलंय."

"आणि ती धार? ती कुणी लावली, ते नाही लिहिलं तुम्ही?"

लिहिलं होतं. भिंग्या, मी लपवलं नाही, तुला वाचवण्यासाठी खोटं लिहिलं नाही. विभागप्रमुखानं धार वाढवली, असं लिहिलं. त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं की त्याच विभागप्रमुखानं आधी तीन वेळा नळी मागितली होती, आणि तीनही अर्जांच्या प्रती, तारखांसकट, व्यवस्थापकांनी लाल रेघ मारून दिलेल्या प्रमाणपत्राच्या प्रतींसकट सोबत जोडल्या आहेत. प्रती मला कुठून मिळाल्या, ते तू विचारशील. तुझ्याच घरातून. मधल्या खोलीतल्या खाटेच्या गादीखालून, मागच्या रविवारी तुझ्या बायकोनं पाठवल्या. तुझं पत्र मी मावशीला दाखवलं नाही. तिला दाखवायची गरज नव्हती.

तुझी नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. गेली तर माझं ताट आहे, तुझ्या ताटात मी पंधरा वर्षं जेवलोय. आमचे साहेब म्हणतात की माझीही चौकशी होईल, आधी सांगितलं असतं तर रजा तरी मंजूर केली असती. पन्नास माणसं रोज पूल ओलांडतील, रांगेत बसतील, मला आणि तुला शिव्या देतील. देऊ देत. रांगेत बसलेल्या माणसाला निदान माहीत असतं की आपल्याला अजून काही कळलेलं नाही.

तिथून तुझ्या घरी गेलो. मावशी खाटेवर बसली होती, वॉकर समोर.

"काय केलंस?"

"यंत्र बंद केलं. माझी सही परत घेतली."

"खाली वाक."

मी वाकलो. गाल पुढे केला असेन, पन्नाशीला आलो तरी. तिनं माझ्या खांद्यावर हात रोवला आणि त्या आधारानं उभी राहिली. वॉकर न धरता. तशीच माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "अशा जुन्या नळ्यांवर तुझी सही आणखी किती ठिकाणी आहे?"

मी ते मोजलेलं होतं. "चौदा."

"मग इथे काय जेवायला थांबलास?"

जेवलो नाही. रात्री घरी आलो, शनिवार-रविवार लिहीत बसलो. प्रत्येक ठिकाणी तेच: मी तुमच्या यंत्राची रेघांची पट्टी खाली सपाट ठेवून पाहिली, माणसाच्या हाडाच्या उंचीवर ठेवून पाहिली नाही; पाहीपर्यंत माझी सही धरू नये. हातानं लिहिलं, छापलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझी सही मला नीट वाचता आली.

चौदाही पाकिटं आज सकाळी पेटीत टाकली. पंधरावं हे, तुझं.

दादा